आधार द्या, पण हातचे काम काढून घेऊ नका

वाचकहो, एक घर डोळ्यांपुढे आणा. कोणाचे नाव घ्यायला नको, कारण असे घर आपल्या जिल्ह्यातल्या बहुतेक गावांत एखादे तरी सापडते. घरातला कर्ता माणूस, वय पंचावन्नच्या पुढे. आपण त्यांना अण्णा म्हणू. एके दिवशी पहाटे धार काढायला उठलेले अण्णा गोठ्याच्या दारात खाली बसले, ते उठेनात. तोंड वाकडे झाले, उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला. लकवा! धावपळ करून सोलापूरला नेले. जीव वाचला. पंधरा दिवसांनी अण्णा घरी आले. आई भवानी पावली, असे सगळे म्हणाले.

त्या दिवसापासून घरच्यांनी अण्णांना फुलासारखे जपले. काकूंनी घास भरवले, मुलाने अंघोळ घातली, सुनेने तांब्या ओठाला लावला. अण्णांनी डाव्या हाताने भाकरी मोडायला घेतली की काकू म्हणायच्या, "अहो, ऱ्हाऊ द्या, सांडंल. मी हाय न्हवं." अण्णा उठू लागले की मुलगा धावायचा, "अण्णा, पडचाल! बसा तिथंच." असे सहा महिने गेले. मग अण्णा उठण्याचा प्रयत्नही करीनासे झाले. बाजेवर पडून आढ्याकडे बघत राहायचे. चांगला असलेला डावा हातसुद्धा मांडीवर निपचित पडलेला असायचा.

लकव्याने अण्णांचा एक हात नेला होता. मग दुसरा कोणी नेला? सांगायला जड जाते, पण तो घरच्यांच्या मायेने नेला.

या लेखात सांगायचे ते एवढेच. ज्याचे अंग लुळे पडले, कणा मोडला किंवा यंत्रात हात गेला, त्याला औषधाइतकीच गरज असते ती स्वतःचे काम स्वतः करण्याची. ते काम त्याला पुन्हा शिकवता येते. त्याची एक विद्या आहे. तिला व्यवसायोपचार म्हणतात.

ही विद्या आहे तरी काय?

'व्यवसाय' हा शब्द ऐकून कोणाला दुकानाची किंवा नोकरीची आठवण होईल. इथे तसे नाही. माणूस सकाळी उठल्यापासून रात्री अंग टाकेपर्यंत जे जे करतो, ते सगळे त्याचे व्यवसाय. तोंड धुणे, सदरा घालणे, परसाकडे जाणे, भाकरी थापणे, शेळीला चारा टाकणे, नातवाला मांडीवर घेणे, वारीला जाणे. डॉक्टर विचारतात, "काय होतंय?" फिजिओथेरपिस्ट पाहतात, सांधा किती वाकतो आणि स्नायूत जोर किती आहे. व्यवसायोपचार तज्ज्ञ विचारतात, "तुम्हाला काय काय करता यायला हवे आहे?" आणि त्या उत्तरापासून उपचार सुरू होतो.

ही विद्या आपल्या देशात रुजवली एका बाईने, आणि त्यांचे आडनाव शेतकऱ्याला परके नाही. फलटणच्या निंबकर बियाण्याचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्या घरच्या कमलाबाई निंबकर. त्या मूळच्या अमेरिकेतल्या, क्वेकर पंथाच्या कुटुंबात वाढलेल्या. माहेरचे नाव एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकर यांच्याशी लग्न करून त्या १९३० साली भारतात आल्या. पुढे अमेरिकेत फिलाडेल्फियाला जाऊन त्या व्यवसायोपचार शिकल्या आणि १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी या विद्येची शाळा काढली. आशियातली ही पहिली शाळा मानली जाते. १९५२ साली भारतातल्या व्यवसायोपचार तज्ज्ञांची संघटना उभी राहिली, तीही त्यांच्याच पुढाकाराने. त्याच वर्षी या विद्येची जागतिक संघटना स्थापन झाली, तिच्या संस्थापक देशांत भारत होता.

त्यांचे चिरंजीव बॉन निंबकर यांनी १९६८ साली फलटणला कृषी संशोधन संस्था काढली. त्या संस्थेने बिनकाट्याची करडई तयार केली. करडई काढताना हाताची चाळण झालेल्या मराठवाड्यातल्या माणसाला तिचे मोल वेगळे सांगायला नको. गेलेले काम हाताला परत मिळवून देणारी विद्या आईने आणली, आणि मुलाच्या संस्थेने हाताला न बोचणारे पीक दिले.

जीव वाचल्यानंतरची लढाई

आपल्या जिल्ह्याला ही गोष्ट नीट समजायला हवी. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट इथे कोण विसरेल? आदल्या दिवशी गणपती बोळवून माणसे झोपली होती. ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. लातूर जिल्ह्यातले किल्लारी, आपल्याकडचे आजच्या लोहारा तालुक्यातले सास्तूर आणि आसपासची गावे होत्याची नव्हती झाली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद, ते सगळे झोपलेल्या माणसांवर आले. सरकारी आकड्याप्रमाणे सुमारे आठ हजार माणसे गेली. जखमी झाली ती याच्या दुप्पट.

अशा वेळी ढिगाऱ्यातून माणूस काढणे, हाड जुळवणे, जखम शिवणे ही पहिली लढाई असते. ती सगळ्यांना दिसते, तिला धावून येणारेही पुष्कळ असतात. दुसरी लढाई तंबू उठल्यावर सुरू होते. कण्याला मार बसून ज्याचे पाय गेले, त्याने न्हाणीपर्यंत जायचे कसे? मनगट कायमचे वाकडे झालेल्या बाईने भाकरी थापायची कशी? ही लढाई घराच्या चार भिंतींत, रोज, वर्षानुवर्षे चालते. भूकंप नसला तरी ती चालूच असते. कोणी आंब्याच्या झाडावरून पडतो, कोणी विहिरीत, कोणाच्या फटफटीला ट्रॅक्टर धडकतो, कोणाला लकवा मारतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांगांची नोंद झाली होती. त्यातला प्रत्येक जण कोणत्या ना कोणत्या घरात ही लढाई लढत असतो.

साहाय्यकाचे काम

परदेशात या लढाईसाठी एक खास माणूस तयार करतात. अमेरिकेत १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून व्यवसायोपचार साहाय्यकांचे शिक्षण सुरू झाले. ते साधारण दोन वर्षांचे असते. तज्ज्ञ रोग्याला तपासतो आणि योजना आखतो. साहाय्यक ती योजना रोज रोग्याकडून करवून घेतो. काय जमले आणि काय नाही याची नोंद ठेवतो आणि तज्ज्ञाला कळवतो. योजनेत मनाने बदल करीत नाही. माती तपासून खताचे प्रमाण सांगणारा एक असतो आणि वेळच्या वेळी सरीत खत घालणारा दुसरा. पिकाला दोघेही लागतात.

आपल्याकडे खेड्यापर्यंत असा साहाय्यक पोचलेला नाही. मग ते काम आपोआप घरच्या माणसावर येते. बायकोवर, सुनेवर, शाळा सुटून आलेल्या नातीवर. म्हणून साहाय्यक नेमके काय करतो हे आपणही समजून घेतले पाहिजे.

त्याची पहिली युक्ती ऐकून तुम्हाला हसू येईल. तो आपले हात पाठीमागे बांधून उभा राहतो! रोगी धडपडत असतो, बटण लागत नसते, घास सांडत असतो. साहाय्यकाचे हात पुढे यायला शिवशिवतात, पण तो थांबतो. तोल जातो आहे किंवा इजा होणार आहे असे दिसले तरच हात पुढे करतो. एरवी तोंडाने सांगतो, बोटाने दाखवतो आणि अगदीच अडले तर तेवढ्या पायरीपुरता आधार देतो.

दुसरी युक्ती म्हणजे काम मोडून बघणे. भाकरी खाणे हे आपल्याला एक काम वाटते. पण नीट बसणे, ताट स्थिर ठेवणे, भाकरी मोडणे, कालवणात बुडवणे, घास उचलणे, तोंडापर्यंत नेणे आणि चावून गिळणे अशा त्याच्या किती तरी पायऱ्या आहेत. अण्णांचे अडले ते कोणत्या पायरीवर, हे पाहायचे. बाकीच्या पायऱ्या त्यांच्याच हाती ठेवायच्या. सगळेच अवघड असेल तर शेवटून सुरुवात करावी. तुम्ही भाकरी मोडा, कुस्करा, घास करून ताटात ठेवा. तो उचलून तोंडात मात्र त्यांनीच घालावा. ते जमले की कुस्करण्याचे काम त्यांच्याकडे द्या. मग मोडण्याचे. शेवटची पायरी स्वतःची असली की काम पुरे केल्याचा आनंद पहिल्याच दिवशी मिळतो.

तिसरी गोष्ट वेळेची. सदरा घालायला पंधरा मिनिटे लागली तर लागू द्यावीत. तुम्ही म्हणाल, सोयाबीन काढणीला आलेले असताना पंधरा मिनिटे कोणाजवळ आहेत? बरोबर आहे. म्हणून सगळी कामे एकदम शिकवायला जाऊ नका. पंधरा दिवस एकच काम धरा. सकाळचा सदरा, नाही तर रात्रीचे जेवण. ते बसले की दुसरे धरा.

सदऱ्याचा नियम सोपा आहे, पाठ करून ठेवा. घालताना लुळा हात आधी, काढताना चांगला हात आधी. सदरा समोरून पूर्ण उघडणारा आणि सैल घ्यावा. नाडीऐवजी इलॅस्टिकची विजार चालते.

व्यायामाचे साहित्य घरातच आहे

हाताच्या व्यायामाला महागडे यंत्र लागते असे नाही. कणीक तिंबणे, ओला पंचा पिळणे, सुतळीचा गुंडा करणे, नळाची तोटी उघडणे, हे सगळे व्यायामच आहेत. ताटात तूर आणि हरभरा मिसळून वेगळा करायला द्यावा. आधी मोठे दाणे, मग बारीक. बोटे थोडी वळू लागली की तुळजापूरच्या देवीची कवड्यांची माळ ओवायला द्यावी. कवडी चिमटीत धरणे, दोरा छिद्रातून घालणे आणि दुसऱ्या बाजूने ओढणे यात दोन्ही हात आणि डोळे एकाच वेळी कामाला लागतात. शिवाय माळ गळ्यात घालता येते. नुसती मूठ उघडझाप करून कंटाळणारा माणूस माळ पुरी होईपर्यंत उठत नाही.

लुळ्या हातात अजून काहीच जोर नसेल तरी त्याला रिकामा ठेवू नका. ताटाची कड दाबून धरायला, वहीचा कागद हलू नये म्हणून वर ठेवायला तो उपयोगी पडतो. त्या हाताला कामात सामील ठेवले नाही तर माणूस त्याला विसरून जातो. काही रोग्यांचे लुळ्या बाजूकडे लक्षच जात नाही. ताटाच्या त्या बाजूचे अन्न तसेच राहते. अशा वेळी हळूहळू त्याच बाजूला बसून बोलावे.

पकड दुबळी असली की बारीक दांडा हातात राहत नाही. चमच्याच्या, खुरप्याच्या मुठीवर चिंध्या गुंडाळून वरून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी आवळावी. जाड मूठ दुबळ्या हातालाही धरता येते. परातीखाली ओले फडके अंथरले की एका हाताने कणीक मळताना ती सरकत नाही. फळीला खालून दोन स्वच्छ, न गंजणारे खिळे मारून त्यांची टोके वर काढली, तर कांदा त्यात रोवून एका हाताने चिरता येतो. काम झाले की ही फळी पोराबाळांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी.

हे मात्र करू नका

१) लकवा झालेल्या माणसाला लुळा हात धरून किंवा बगलेत हात घालून ओढून उठवू नका. खांदा निखळतो आणि ते दुखणे पुढचे सगळे उपचार अडवते. बसवताना तो हात उशीवर टेकवावा, लोंबकळत ठेवू नये.

२) लुळ्या बाजूला भाजलेले कळत नाही. अंघोळीचे पाणी चांगल्या हाताने पाहावे. चूल, शेगडी आणि गरम तवा यांपासून जपावे.

३) आडवे असताना पाणी किंवा अन्न देऊ नये. ताठ बसवून लहान घास द्यावेत. खाताना वारंवार ठसका लागत असेल किंवा आवाज ओला, घोगरा होत असेल तर ताबडतोब डॉक्टरांना सांगावे.

४) जो अंथरुणावरून हलू शकत नाही त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी. माकडहाड, खुबा आणि टाचा रोज पाहाव्यात. कातडीवर डाग पडून तो जात नसेल तर तिथे भार देऊ नये आणि चोळूही नये. पाय गेलेल्या माणसाने खुर्चीत असताना दर अर्ध्या तासाच्या आत हातांवर जोर देऊन अंग उचलावे किंवा कलते करावे. पाठीची जखम दिसायला लहान असते, पण आत खोल जाते आणि माणसाचा जीवही घेते.

५) नव्याने लकवा मारला तर कबुतराचे रक्त चोळण्यात आणि गावठी उपायांत वेळ घालवू नका. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि तेही तपासणी करून.

घर आणि शिवार

माणूस बदलता येत नसेल तिथे जागा बदलावी, हे या विद्येचे दुसरे अंग. ओट्याला पायरीऐवजी उतरण करायची असेल तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी धरावी. याहून खडी उतरण चाकाच्या खुर्चीला धोक्याची. दार तीन फुटांचे असावे. झोळ पडलेल्या बाजेवरून उठणे धडधाकट माणसालाही जड जाते. सपाट, घट्ट पलंग असावा, त्यावर बसले की तळपाय जमिनीला पुरे टेकावेत. शौचकुपावर ठेवायची मध्ये भोक असलेली खुर्ची गावचा सुतारही करून देतो. बाजूच्या भिंतीला लोखंडी नळीची पक्की मूठ बसवावी. उकिडवे बसता न आल्यामुळे ज्याला परसाकडे जाण्यासाठी रोज दुसऱ्याला हाक मारावी लागते, त्याला ही दोन साधने केवढी मोठी वाटतात हे त्यालाच विचारा.

आणि शेतीचे काय? नांगर धरता येत नाही म्हणून माणूस शेतकरी राहत नाही असे थोडेच आहे! पेरणीच्या आधी घरच्या सोयाबीनची उगवण तपासायची असते. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात ओळीने मांडायचे, गुंडाळी करून ओल धरून ठेवायची आणि चार-पाच दिवसांनी कोंब मोजायचे. सत्तरच्या पुढे निघाले तर बियाणे चांगले. हे काम बसून, एका हाताने होते, आणि सगळ्या घराचा हंगाम त्याच्यावर अवलंबून असतो. शंभर दाणे मांडताना बोटांचा व्यायाम होतो तो वेगळाच.

आपल्या जिल्ह्याच्या नावाने ओळखली जाणारी उस्मानाबादी शेळी काटक, जुळी देणारी. चार शेळ्या गोठ्यात बांधून, गव्हाण कमरेइतकी उंच करून आणि पाणी नळीने सोडण्याची सोय करून खुर्चीवरचा माणूसही त्या सांभाळू शकतो. दुधाचा हिशेब, ठिबकच्या पाळ्या, मजुरांची हजेरी, ही कामे त्याच्याकडे सोपवा. पण सोपवली की खरोखर सोपवा. मागून दुसऱ्याने वही तपासायची आणि त्यांना नुसते गुंतवून ठेवायचे, हे माणसाला लगेच कळते.

यंत्रात हात गेला तर

मळणीयंत्र आणि कडबा कुट्टी यांनी आपल्या भागात पुष्कळ हात नेले आहेत. केंद्र सरकारने १९८३ साली धोकादायक यंत्रांसाठी कायदा केला, तो मळणीयंत्राने होणाऱ्या अशा अपघातांसाठीच. यंत्राला सुरक्षित तोंड असावे आणि इजा झाल्यास भरपाई मिळावी, असे त्यात सांगितले आहे. सैल बाही, लोंबता पदर आणि अपुरी झोप घेऊन यंत्रापुढे उभे राहू नये. बोट किंवा हात तुटलाच तर जखम घट्ट दाबून धरावी. तुटलेला भाग स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावा आणि ती बंद पिशवी बर्फावर ठेवावी. तुटलेला भाग थेट बर्फात घालू नये. मग वेळ न दवडता मोठे रुग्णालय गाठावे.

हात गेल्यावर पहिले काही महिने कसोटीचे असतात. उरलेल्या भागाला सांगितल्याप्रमाणे पट्टी बांधणे, सांधा आखडू न देणे आणि उजव्याचे काम डाव्याला शिकवणे हे सगळे याच काळात करायचे. पायाच्या बाबतीत आपला देश भाग्यवान आहे. १९६८ साली जयपूरला रामचंद्र शर्मा नावाच्या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी मिळून जयपूर फूट तयार केला. तो घालून मांडी घालता येते, अनवाणी चालता येते, चिखलातही जाता येते. शेतकऱ्याच्या रोजच्या हालचाली डोळ्यांपुढे ठेवून केलेला तो पाय आहे, म्हणून तो शेतकऱ्याला मानवला.

घरची माया पुरेशी आहे का?

आता एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. वरचे वाचून कोणाला वाटेल की मग तज्ज्ञाची गरजच काय, घरचेच सगळे करतील. आपल्या देशात याची मोठी चाचणी झाली आहे. २०१४ ते २०१६ या काळात १४ रुग्णालयांत लकव्याच्या १२५० रोग्यांवर ती झाली. निम्म्यांच्या घरच्या माणसांना उपचार शिकवून घरी पाठवले, बाकीच्यांना नेहमीप्रमाणे. सहा महिन्यांनी पाहिले तर दोन्हींकडे मृत्यू पावलेल्या किंवा परावलंबी राहिलेल्या रोग्यांचे प्रमाण सारखेच होते, शंभरात सत्तेचाळीस. ही चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली.

याचा अर्थ घरच्यांचे कष्ट वाया गेले असा घेऊ नका. एवढाच घ्या की घरच्या माणसाला थोडे शिकवले आणि सारा भार त्याच्यावर टाकून दिला, तर तेवढ्याने भागत नाही. तज्ज्ञ व्यवसायोपचाराने लकव्याच्या रोग्याची रोजची कामे सुधारतात असे निरनिराळ्या देशांतल्या चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर दिसले आहे. म्हणजे साखळी तीन कड्यांची हवी. योजना आखणारा तज्ज्ञ, दारी येऊन ती चालवणारा शिकलेला साहाय्यक आणि रोजची साथ देणारे घर. आपल्याकडे मधली कडी गळालेली आहे, आणि तिचे ओझे घरातल्या बाईच्या पाठीवर आले आहे.

ती कडी भरून काढायची वाट निघाली आहे. भारतीय पुनर्वसन परिषदेने २०२१ साली गावपातळीवर काम करणाऱ्यांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. तो पुरा करणाऱ्याला 'दिव्यांग मित्र' म्हणतात. आपल्या गावातली शिकलेली एखादी मुलगी किंवा मुलगा यासाठी पाठवता येईल का, हे ग्रामसभेत विचारा. ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तो कशावर खर्च झाला, हेही विचारा. उतरणीसाठी, खुर्चीसाठी ते पैसे मागण्यात लाज कसली?

धाराशिवला २०२२ सालापासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. रोग्याला कोणत्याही रुग्णालयातून घरी आणण्यापूर्वी चार प्रश्न विचारून घ्या. याला उठवायचे-बसवायचे कसे, ते आमच्याकडून एकदा करवून घ्याल का? कोणते काम त्याने स्वतः करायचे? काय अजिबात करायचे नाही? पुन्हा दाखवायला केव्हा आणायचे? दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि ओळखपत्र काढून घ्या. २०१६ च्या कायद्याने २१ प्रकारचे दिव्यांगत्व मानले आहे, आणि बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. काठी, कुबडी, चाकाची खुर्ची अशी साधने देण्याची केंद्राची योजना १९८१ सालापासून चालू आहे.

पुन्हा अण्णांकडे

वाचकहो, आता त्याच घराकडे पुन्हा वळू या. समजा, काकूंनी आज ठरवले. संध्याकाळी ताट वाढले, भाकरी कुस्करून दिली, ताटाखाली ओले फडके घातले, आणि त्या आपले हात मांडीखाली घेऊन समोर बसल्या. अण्णांचा डावा हात थरथरतो आहे. पहिला घास सदऱ्यावर पडला. सून उठू लागली, तर काकूंनी डोळ्यांनीच तिला बसवले. दुसरा घास निम्मा तोंडात, निम्मा ताटात. तिसरा पोचला. जेवायला पाऊण तास लागला, कालवण थंड झाले. पण सहा महिन्यांत पहिल्यांदाच अण्णा कोणी न भरवता जेवले.

पुढे अण्णा चालतील का, हात पुरता वळेल का, हे कोणी छातीठोक सांगू शकणार नाही. प्रत्येकाचा आजार वेगळा, प्रत्येकाची वाट वेगळी. पण पुढच्या पेरणीच्या आधी ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडून, "औंदा बी चांगलं हाय, पंच्याऐंशी निघालं," असे घराला सांगणारा माणूस त्या बाजेवर आहे. त्याला उठून बसायला वाव हवा.

तुमच्या घरी, भावकीत किंवा शेजारी असे कोणी असेल तर उद्या सकाळी एवढेच करा. पाण्याचा तांब्या त्यांच्या ओठाला लावू नका. हाताशी ठेवा, आणि थोडा वेळ थांबा.